घड्याळजी आणि भिंगरीचे चार दात

घड्याळजींच्या टेबलावर धुळीचा कण सापडला, तर तो स्वतःच ओशाळून निघून जाईल, असा त्यांचा दरारा. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून काम केलेला माणूस. घड्याळ उघडलं की पंखा बंद, गिऱ्हाईक गप्प, आणि शिंक आलीच तर ती आल्या पावली परत.

अशा दुकानात त्यांची अडीच वर्षांची नात दिवसभर असायची. लेक कामाला जाताना तिला सोडून जाई. सगळे तिला भिंगरी म्हणत आणि ते नाव तिने कष्टाने कमावलं होतं. टेबलाला तिचा एक धक्का, की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा स्क्रू कायमचा फरार. त्यावर घड्याळजींनी इलाज शोधला होता. बारीक काम आलं की बाटलीत दूध आणि दुधात दोन चमचे साखर. मग भिंगरी तासभर जागची हलत नसे. असं दिवसातून तीनदा, कधी चारदा. ‘गोड देऊ नका हं बाबा,’ असं लेकीने बजावलं होतं. पण दूध हे काही गोडात धरायचं नसतं, असा घड्याळजींचा घरगुती कायदा.

एका दुपारी बाटली चोखता चोखता भिंगरी झोपली. तोंड उघडंच. घड्याळजींच्या डोळ्यावर भिंग होतं. सहज वाकून त्यांनी पाहिलं आणि ते वाकलेलेच राहिले. वरच्या, पुढच्या चारही दातांवर, हिरडीलगत, तपकिरी रेघ. एकाचा कोपरा खडूसारखा झडलेला. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. रेघ तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे तिघं गेले.

“बाटलीत काय देता?” बाईंनी विचारलं.

“साधं दूध,” लेक म्हणाली. “दिवसभर बाबांकडेच असते ती. तिथे मला बघावंही लागत नाही.”

खरं सांगितलं, तर उद्यापासून भिंगरी पाळणाघरात. आणि ती नसलेलं दुकान घड्याळजींच्या डोळ्यांपुढे उभं राहीना.

“साखर असते,” ते म्हणाले. “दोन चमचे. वर्ष होईल आता.”

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. कुणी परका माणूस शेजारी येऊन बसावा, तशी.

“दुधाचेच दात ना,” घड्याळजी चाचरत म्हणाले, “पडणारच की.”

“नवे यायला चार-साडेचार वर्षं आहेत, आजोबा. दोन भरून देते, दोन काढावेच लागतील.” बाईंनी हातमोजे उतरवले. “अलीकडे किरकिर करायची का?”

“करायची,” घड्याळजी म्हणाले.

“दुखत असणार. तिला सांगता येत नव्हतं.”

ती किरकिरली की घड्याळजी काय करत? बाटली देत.

दात काढून होईपर्यंत लेकीने आठवडाभर रजा काढली आणि दुकानात घड्याळजींनी एकही घड्याळ उघडलं नाही.

आठव्या दिवशी लेक भिंगरीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. हातात इवलासा ब्रश.

“रोज सकाळ-संध्याकाळ. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. बाटली बंद, पेल्यातून पाणी. आत्ता माझ्यासमोर करून दाखवा.”

घड्याळजींनी भिंगरीला मांडीवर घेतलं, श्वास रोखला, तिचा ओठ हलकेच वर केला आणि दाढेपर्यंत बोट नेलं. भिंगरीने ते कडकडून चावलं.

लेक घाबरून पुढे आली. घड्याळजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं, तरी बोट त्यांनी काढलं नाही.

“राहू दे,” ते म्हणाले. “दाढा शाबूत आहेत.”

लेक आठ दिवसांनी पहिल्यांदा हसली. मग तिने भिंगरीची पिशवी टेबलाखाली ठेवली आणि ती कामाला गेली.