कारवानी कुत्रीच्या जखमा

पुण्याजवळच्या मांजरी गावात माझा जनावरांचा दवाखाना आहे. दोन गाळे, समोर रस्त्यापलीकडे ऊस आणि मागे बारा मजल्यांची सोसायटी. सकाळी मी गावातल्या गोठ्यांवर जाते, संध्याकाळी सोसायटीतली कुत्री-मांजरं माझ्याकडे येतात. दोन्हीकडची माणसं एकमेकांशी फारशी बोलत नाहीत, पण माझ्याशी बोलतात. याचा मला तेव्हा थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी समोरचा ऊस तोडायला घेतला होता. तोड शेवटच्या पट्ट्यापर्यंत आली की आत दडलेले कोल्हे बाहेर पळतात आणि गावातले काही जण कुत्री घेऊन त्यांची वाट बघत उभे असतात, असं मी ऐकून होते. पाहिलं कधी नव्हतं. खरं सांगायचं तर, पाहायचं टाळलं होतं.

एका सकाळी गावातला एक पन्नाशीचा शेतकरी आपली कारवानी कुत्री उचलून घेऊन आला. लांब पायांची, चिंचोळ्या तोंडाची, पळण्यासाठीच जन्माला आलेली जात. तिचा डावा कान फाटला होता आणि नाकाडावर खोल भोकं पडली होती.

"तारेत अडकली," तो म्हणाला.

तारेची जखम सरळ चिरत जाते. या दातांच्या खुणा होत्या, वर दोन आणि खाली दोन. भूल दिली आणि कानाला अकरा टाके घातले. तो पूर्ण वेळ तिच्या मानेवर हात ठेवून उभा होता. मी नोंदवहीत लिहिलं, "चाव्याच्या जखमा." सवयीने लिहिलं. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं.

दोन दिवसांनी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. अकराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी, ती कुत्री माझ्याकडे आली त्याच सकाळी, गॅलरीतून काढलेला. तोडलेल्या उसात पाच-सहा कुत्री आणि त्यांच्या मध्ये काहीतरी तपकिरी. भोवती माणसं शिट्ट्या मारताहेत. मी तो अर्ध्यावर बंद केला. संध्याकाळपर्यंत तो साऱ्या पुण्यात फिरला. सोसायटीचे लोक गेटवर फलक घेऊन उभे राहिले. कोल्हा मारणं गुन्हा आहे, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण एकाने फलकावर "रानटी" असा शब्द लिहिला होता आणि गावाने नेमका तोच वाचला.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. "आमची माती, आमची परंपरा." खाली एका भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो. रविवारी निषेध सभा, आपापली कुत्री घेऊन यावं, असं आवाहन. कोल्ह्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

त्याच आठवड्यात वनखात्याचे एक अधिकारी आले. सभ्य गृहस्थ होते. "मॅडम, आपल्याकडे जखमी शिकारी कुत्रं आलं होतं का? नोंद असेल तर आपला लेखी जबाब लागेल. सोमवारी घ्यायला येतो." वहीचा फोटो काढून ते गेले.

बातमी कशी फुटली ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं जण दवाखान्यात आले. जनावर सोबत नव्हतं. एक बाकावर बसला, दुसरा दारात उभा राहिला, असा की मला बाहेर पडायचं असतं तर त्याला बाजूला हो म्हणावं लागलं असतं.

"मॅडम, तुम्ही चांगलं काम करता," बसलेला म्हणाला. "गावात सगळे म्हणतात."

"धन्यवाद."

"मूळच्या पुण्याच्या नाही ना तुम्ही?"

"अकोल्याच्या."

"आडनाव काय म्हणालात?"

ते बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. तरी मी सांगितलं. या प्रश्नामागे दुसरा प्रश्न असतो आणि तो शाळेपासून माझ्या ओळखीचा आहे. तो "असं का," म्हणाला आणि दारातल्याकडे पाहून किंचित हसला. धमकी म्हणावी असं तो काहीच बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "डॉक्टरांनी औषधपाणी बघावं. बाकीचं गाव बघतं. रोज गोठ्यांवर एकट्याच जाता ना स्कूटरवरून?"

ते आपल्या पांढऱ्या गाडीतून गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि आतल्या खोलीत जमिनीवर बसले. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "पोलिसांत जाऊ." मी विचारलं, "काय सांगायचं? त्यांनी माझं कौतुक केलं म्हणून?" पुढचे चार दिवस तो मला सोडायला आणि न्यायला येत होता. गोठ्यांच्या फेऱ्या मी काही ना काही कारण सांगून पुढे ढकलल्या. दुपारी औषधं आणायला एकटी निघाले आणि मागे तशी पांढरी गाडी दिसली की मी स्कूटर कडेला घेऊन फोन आल्याचं सोंग करायचे. एका मांजराला लस टोचताना सुई माझ्याच अंगठ्यात गेली.

शनिवारी जबाब लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं: जखमा तारेच्या नसून चाव्याच्या आहेत. तिथेच थांबायला हवं होतं. मी आणखी एक वाक्य लिहिलं: चावा कोणत्या प्राण्याचा, हे खात्रीने सांगता येत नाही. ते वाक्य चूक नव्हतं. कोल्ह्याच्या आणि कुत्र्याच्या दातांच्या खुणा सारख्याच दिसतात, कुणीही तज्ज्ञ हेच सांगेल. पण मी ते शास्त्रासाठी लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या सुटण्याचीच लाज वाटली.

कागद पाकिटात घालत होते तोच कुत्रीचा मालक टाके काढायला आला. त्याला बघून मी पाकीट खणात सरकवलं. त्याने आल्याआल्या मागे वळून रस्त्यावर नजर टाकली आणि विचारलं, "दार लावू का?" मी मानेनंच नाही म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तोही घाबरलेला होता.

मी एकेक टाका काढत गेले. कुत्री शहाण्यासारखी उभी होती. थोड्या वेळाने तो आपणहून बोलायला लागला.

"त्या दिवशी हिला मीच न्हेली हुती, मॅडम. खोटं कशाला बोलू. बापासंगं जायचो, तसा गेलो. पर ही पोरं मोबाइल घेऊन, बोंबलत... आमच्या वेळी असलं नव्हतं." मग कुत्रीकडे बघत, "का आसंल बी. ल्हान हुतो, ध्यान न्हाय."

"आता पुन्हा नेणार?"

"न्हाय. पर उद्या सभंला हिला घेऊन स्टेजवर उभा ऱ्हा म्हणत्यात. हिच्या जखमा दावायच्या हायत लोकांना. न्हाय म्हणलं तर इचारत्यात, तू गावाच्या बाजूनं हायस का बिल्डिंगीच्या?" त्याने कुत्रीचा फाटका कान अंगठ्याने अलगद कुरवाळला. "तेवढी गर्दी, त्ये स्पीकर. बिथरंल वो ही. तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या की. पाय मुरगळलाय, हलवायची न्हाय म्हणून."

मी कुत्रीचे चारही पाय तपासले. ठणठणीत होते. लेटरहेड घेतलं आणि लिहिलं: मागील उजव्या पायास दुखापत, तीन आठवडे पूर्ण विश्रांती. खाली सही केली, शिक्का मारला. हात अजिबात कापला नाही.

रविवारी दवाखाना बंद ठेवून मी घरी बसले. स्पीकरचा आवाज आमच्या खिडकीपर्यंत येत होता. शब्द कळत नव्हते, नुसत्या आरोळ्या. प्रत्येक आरोळीला मी दाराच्या कडीकडे बघत होते. नंतर कळलं, स्टेजवर दुसऱ्या कुणाची तरी कुत्री होती आणि हा शेतकरी चिठ्ठी खिशात ठेवून मागे उभा होता.

सोमवारी माझा जबाब गेला. त्याच्याने कुणाचं काही बिघडलं नाही आणि चौकशी हळूहळू थंड पडली. व्हिडिओवाल्या बाई त्यानंतर आपली मांजर हडपसरला नेऊ लागल्या. सोसायटीतली एक मैत्रीण सांगते, त्या मला भित्री म्हणतात. मी ते खोडून काढायला गेले नाही. गोठ्यांच्या फेऱ्या पंधरा दिवसांनी सुरू केल्या. पहिल्या दिवशी एका म्हशीचं अडलेलं रेडकू फिरवून काढायचं होतं. दीड तास लागला. घरातल्या म्हातारीने हात धुवायला गरम पाणी दिलं, चहा दिला आणि मला स्कूटरपर्यंत सोडायला आली. मी तिला आणखी थोडं, डांबरी रस्त्यापर्यंत, सोबत चला म्हणाले. तिने "का?" असं विचारलं नाही.