सखाबाईने उभा केलेला मुरारी

आंधळगावच्या मासेमार ढिवरांमध्ये सखाबाईसारखे खेकडे कुणाला धरता येत नसत. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधात, बीळ दिसलं की ती कोपरापर्यंत हात घालायची आणि नांगीला आवळायची सवड न देता खेकडा बाहेर ओढायची. बोलणंही तसंच, समोरच्याला सावरू न देणारं. अशा बाईला नवरा मिळाला तो मुरारी, तोंडातून शब्द न फुटणारा. पण तोच मुरारी तलावाच्या पाळीवर जाळं फेकायला उभा राहिला की जाणारे-येणारे थांबून बघायचे. सखाबाईचा सारा ताठा नवऱ्याच्या त्या उभं राहण्यावर होता.

१९८३ च्या उन्हाळ्यात मासेमारीवरून भांडण पेटलं. भोजराज नावाचा एक दांडगा गडी होता, पाठीशी भाऊ असलेला. त्याने मुरारीला त्याच्याच जाळ्याच्या बांबूने सगळ्यांदेखत बडवलं. मार काय, भरून येतो. पण मुरारीने चिखलात बसून भोजराजचे पाय धरले, आणि ते सखाबाईने पाहिलं.

त्या दिवसापासून मुरारी भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसला तो बसलाच. बाहेर भोजराज नुसता खाकरला तरी हा आणखी आत सरकायचा. वैदू झाला, उतारा झाला, देवीला कोंबडा झाला. काही उपयोग झाला नाही. माणूस एकदा उभा राहावा, एवढीच सखाबाईची आस उरली.

पोटासाठी ती भंडाऱ्याच्या एका कॉलेजात खेकडे पोचवू लागली. तिथले टेकचंद सर शिकवणं सांभाळून त्यांच्यावर प्रयोग करत. एकदा टोपली रिकामी करताना तिला काचेच्या पेटीत दोन खेकडे दिसले. झुंज नुकतीच संपली होती. मोठा ऐटीत फिरत होता. हरलेला कोपऱ्यात पोट टेकून, पाय अंगाखाली घेऊन बसला होता. हा तर आपल्याच घरचा, तिला वाटलं.

सरांनी हरलेल्याला सुई टोचली. थोड्या वेळाने त्याचं अंग पायांवर उचललं गेलं, नांग्या फाकल्या, आणि तो सरळ मोठ्याच्या अंगावर निघाला.

"काय टोचलं जी?" तिने विचारलं.

"सेरोटोनिन म्हणते त्याले. खेकड्याच्या अंगात, नसायमधी ते आधीचंच असते. त्यानं काळीज जोरानं चालते, रक्तात साखर वाढते, पाय ताठ होते. परदेशात समुद्रातल्या खेकड्यावर पाहिलं लोकायनं, मी आपल्या तळ्यातल्यावर करून पाहून राहिलो."

"माणसाच्या अंगात रायते का?"

"रायते. पण माणसाचं अलग असते, बाई."

सखाबाईने सरांचे पाय धरले. "एक सुई द्या जी, आमच्या घरच्याले. बसूनच रायते तो."

सर गडबडून मागे सरले. "अवो, मरन तो! औषध नाही हे. अन् हा खेकडा तरी कुठं बरा झाला? असर उतरला का परत बसते. ताकद नाही वाढत याची, मांगं सरणं तेवढं भुलते."

तेवढ्यात पेटीत कडकन आवाज झाला. मोठ्या खेकड्याने हरलेल्याची नांगी मोडली होती, तरी तो नांगी गेलेल्या अंगाने पुढेच रेटत होता. सखाबाईने तेही पाहिलं. पण मनात ठेवलं ते उभं राहणंच. आशेला लागलेलं माणूस असंच सोयीचं तेवढं बघतं, मग ते कितीही शहाणं असो.

सुई मिळणार नव्हती. मग माणसाला मागं सरणं भुलवणारं दुसरं काय? ते तर गावात घरोघर होतं. मुरारीने आजवर तोंडाला न लावलेली मोहाची दारू दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्यापुढे धरली.

"सरनं औषध देल्लं, त्यात कालवलं. प्या."

मुरारीने आज्ञाधारकपणे पेला रिकामा केला, मग दुसरा, मग तिसरा. आणि तो उठला. छाती पुढे, मान ताठ. सखाबाई आनंदाने रडली. कोपऱ्यातला बांबू तिनेच त्याच्या हातात दिला.

"जा," ती म्हणाली, "दाखवा त्याले."

पाळीवर भोजराज भावांबरोबर जाळं वाळवत होता. मुरारीने बांबू फिरवला तो हवेतच गेला. मग त्यालाच तडाखे पडू लागले. शुद्धीतला माणूस दुसऱ्या तडाख्याला पळाला असता. मुरारी पडायचा आणि पुन्हा उभा राहायचा. "बसा जी, खाली बसा!" सखाबाई बोंबलत धावली, पण तिने शिकवलेलं तो आता विसरायला तयार नव्हता. शेवटच्या तडाख्याने तो पाळीच्या दगडांवर पाठीवर आदळला.

कमरेचा मणका मोडला, असं दवाखान्यात सांगितलं. पुढची सहा वर्षं तो खाटेवर होता. सखाबाईने त्याचं हगणंमुतणं काढलं, कूस बदलून दिली, घास भरवले. त्याने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

उलट कधी कधी त्याचा चेहरा उजळायचा आणि तो तिचा हात धरायचा. "सरले सांग वं, लय चांगलं औषध होतं. कसा उभा झालतो मी! आण न अखीन एक डाव."

"आणतो," सखाबाई म्हणायची.

त्यात औषध नव्हतंच, हे तिने त्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही.