भीमिलीची हजेरी

नारायणगुड्याच्या आमच्या मराठी मंडळाची सहल निघते वर्षातून एकदा, पण किस्से पुढच्या सहलीपर्यंत पुरतात. त्यातही जो सहलीला नव्हता, तोच ते जास्त रंगवून सांगतो! यंदा विशाखापट्टणमचा किनारा पाहून आलो. मी हजर होते, तेव्हा बेतानेच सांगते.

* * *

सुरुवात नामपल्ली स्टेशनावर. अण्णांना ऐकू येत नाही. कानाचं मशीन आहे, पण ते कायम त्यांच्या बायकोच्या, कुसुमकाकूंच्या पर्समध्ये. अशा माणसाला समुद्रावर न्यायला पुण्याच्या लेकीचा सक्त विरोध; काही कमी-जास्त झालं तर ही शेवटची सहल, असं तिने बजावलं होतं. काकूंनी फोनवर एवढंच सांगितलं, "मी आहे ना." गाडी हलेपर्यंत त्यांनी अण्णांची बाही सोडली नाही.

* * *

थोटलकोंडा म्हणजे समुद्रकाठची टेकडी. वर जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष, खाली निळंशार पाणी. भिक्खू पावसाळाभर इथेच राहायचे, असं गाइड सांगत होता. आमचे सहलप्रमुख शिंदेकाका तेवढ्यात धापा टाकत वर पोचले. म्हणाले, "राहतील नाही तर काय! खाली उतरून परत चढायचं? नक्को बाबा!"

गाइड काही हसला नाही. आम्ही मात्र उतरेपर्यंत हसत होतो.

* * *

संध्याकाळी वाळूत बसलो होतो. काकूंनी अण्णांना टोपी घालायला दहादा सांगितलं. ते आपले लाटा बघताहेत. मागे कोणीतरी हळूच म्हणालं, गाडीवर मिरची भजी गरम आहेत. अण्णा गर्रकन वळले, "माझ्या दोन प्लेट."

"यांचं मशीन नाकात बसवायला हवं होतं," काकू म्हणाल्या.

* * *

शिंदेकाका निवृत्त मास्तर. बस सुटण्याआधी ते नावाने हजेरी घेतात. अण्णांना ऐकू येत नाही, म्हणून "आहेत" काकूच म्हणतात. संसारभर म्हणत आल्या आहेत.

विशाखापट्टणमजवळच्या भीमिली गावात समुद्रालगत डचांची जुनी दफनभूमी आहे. ती पाहून सगळे बसमध्ये चढले. काकू पिशवीत शिंपले नीट लावत होत्या. हजेरीत अण्णांचं नाव आलं, काकू मान वर न करता "आहेत" म्हणाल्या आणि बस सुटली.

सुरूच्या झाडांपर्यंत आलो. काकूंनी मोसंबीची फोड सोलून खिडकीकडे हात केला, तर अण्णांची जागा रिकामी!

त्या उठून थेट ड्रायव्हरकडे धावल्या. फोन करून उपयोग नव्हता, अण्णांना तो ऐकूच जाणार नव्हता. ड्रायव्हरने बस वळवली. दफनभूमीच्या मागे लगेच पाणी आहे, हे सगळ्यांना आठवत होतं.

अण्णा बाजूच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर आरामात बसले होते. आम्ही अजून आतच थडगी बघतोय, अशी त्यांची समजूत! काकू रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. अण्णांना हाताला धरून आत आणलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

शिंदेकाकांनी पुन्हा पहिल्यापासून हजेरी घेतली. अण्णांचं नाव आलं. काकू काहीच म्हणाल्या नाहीत. सगळी बस अण्णांकडे बघत होती.

अण्णांनी एकदा काकूंकडे पाहिलं. मग त्यांच्या मांडीवरची पर्स उघडली, मशीन काढलं, कानात बसवलं.

"शिंदे, परत म्हणा."

शिंदेकाकांनी परत नाव घेतलं.

"आहे," अण्णा म्हणाले. "आणि कुसुमपण आहे."