चुकीच्या माणसाची दाढी

माझं केस कापायचं दुकान आहे. खुर्च्या दोन, एक माझी आणि एक मेहुण्याची. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही, ही फुशारकी मी येईल त्याला ऐकवायचो. गळ्याशी वस्तरा असताना कोण कशाला वाद घालेल?

मग समोरच्या इमारतीत परदेशातून आलेले कामगार राहायला आले आणि माझी पंचाईत झाली. मला ते सगळे एकाच साच्यातले वाटायचे. पण तसं कबूल करायचं म्हणजे नाक कापून घेणं, म्हणून मी प्रत्येकाकडे बघून ओळखीचं हसायचो.

एका संध्याकाळी त्यांच्यातला एक दाढीवाला, उद्या येतो, सगळी काढा, असं खुणेनं सांगून गेला. दुसऱ्या दिवशी दाढीवाला आला, खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे मिटले. मी काही न विचारता फेस लावला आणि एक गाल साफ केला. तेवढ्यात कालचा दाढीवाला, तीच खूण करत, दारातून आत आला. खुर्चीत दुसराच कोणी होता.

खुर्चीतल्याला आमची भाषा थोडीफार यायची. आरशात बघून तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"फक्त कडा नीट करायच्या होत्या," तो म्हणाला. "मुलीनं मला दाढीशिवाय कधी पाहिलंच नाही."

मुलगी तीन वर्षांची, तिकडे आजीपाशी. बापाची भेट काय ती रोज फोनवर. आज भलताच कोणी दिसला तर ती घाबरेल, ही त्याची धास्ती. अर्धी दाढी ठेवूनही उपयोग नव्हता. मी उरलेली काढली, मेहुणा बाजूला उभा राहून बघत होता.

तेवढ्यात फोन वाजला. त्यानं तो समोर धरला खरा, पण तोंडातून शब्द फुटेना. पोरगी टक लावून बघत राहिली. मग खुदकन हसली आणि तिनं हाक मारली. त्या हाकेचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. तिनं तळहाताएवढ्या काचेत बाप ओळखला, आणि मला तो वीतभर अंतरावरून ओळखू आला नव्हता. ती त्याला रोज बघत होती, मी नुसता हसत होतो.

माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करतोय तोवर तो उठला, डोळे पुसले आणि हात हातात घेऊन म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, माझा तुमच्यावर राग नाही."

हात मेहुण्याचा होता. मेहुण्याचं नाक माझ्या दुप्पट आहे, आणि त्या निर्लज्जानं खुशाल मान डोलावली.