नानांची अमावस्या

निकमनाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या कांदाचाळीत तराजूपाशी उभी होते. आमच्या केंद्राची साठवणुकीची चाचणी तिथे चालू आहे. दर पंधरा दिवसांनी ठरलेले क्रेट बाहेर काढायचे, वजन करायचं, नासके आणि कोंब आलेले कांदे वेगळे करून मोजायचे आणि वहीत लिहायचे, असं ते काम. चौदा क्रेट झाले होते, सहा राहिले होते. फोनवर नानांची मुलगी मनीषा होती. "ताई, नाना गेले... सकाळीच," एवढंच म्हणाली आणि तिला पुढे बोलवेना. चाळीचे मालक बापू शेजारीच होते, त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. "जावा ताई तुम्ही. मोजनी काय, उद्या व्हईल," ते म्हणाले. मी पिशवी उचललीही होती. मग खाली ठेवली. सहा क्रेट अर्धवट टाकून मी नानांच्या दारात गेले असते, तर त्या माणसाने तिरडीवर उठून बसून "राहिलेल्या सहांचं काय?" असं विचारलं असतं. मी सहाही क्रेट मोजले, वही भरली, सही केली आणि मग गाडीत बसून पिंपळगावपर्यंत रडत आले.

भास्कर निकम हे नाव तुम्ही कुठे वाचलेलं नसणार. पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवे सोडून जरा आत आमचं कांद्यावरचं छोटं संशोधन केंद्र आहे. तिथे नाना तांत्रिक सहायक म्हणून लागले आणि तांत्रिक सहायक म्हणूनच निवृत्त झाले. मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण काही खटकलं की अहिराणी बाहेर यायची. अकरा वर्षांपूर्वी मी नवी शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात हा उंच, किडकिडीत माणूस माझ्या टेबलापाशी आला आणि लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, यातले आकडे आमच्याकडे कधी देणार?" मी म्हटलं, काम संपलं की देते. "काम संपल्यावर कुणी देत नाही," नाना म्हणाले. "दर शनिवारी द्या." मला राग आला. मला राग लवकर येतो, ही गोष्ट पुढेही कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून टाकते.

बियाण्याच्या जुन्या खोलीत त्यांनी संगणकाची खोली थाटली होती. केंद्रातल्या प्रत्येक प्रयोगाचे आकडे तीन जागी असत. एक प्रत सर्व्हरवर, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक पेठच्या आमच्या उपकेंद्रात. तिसरी इतकी लांब कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बियाणं कुणी एकाच कणगीत ठेवतं का? आणि दोन कणग्या एकाच घरात असल्या, तर आग काय एकीलाच लागेल?" दर तीन महिन्यांनी ते डिस्क जेवणाच्या स्टीलच्या डब्यात, स्वच्छ धुतलेल्या पंच्यात गुंडाळून ठेवायचे आणि नाशिकच्या स्टँडवरून एसटीने स्वतः पेठला न्यायचे. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. एकदा कंडक्टरने गमतीने विचारलं, "नाना, आज भाजी काय?" नाना गंभीरपणे म्हणाले, "कांदा. बावीस वर्षांचा." कंडक्टरने पुन्हा कधी विचारलं नाही म्हणे.

हा ध्यास कुठून आला, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते संगणकावर नव्हते, मोजणीवर होते. सलग सहा हंगाम त्यांनी एका मोठ्या शास्त्रज्ञांसाठी चाळीत बसून नासके कांदे मोजले. ज्यांनी सडलेला कांदा चिवडला आहे त्यांनाच तो वास ठाऊक. अंगाला लिंबू चोळलं तरी जात नाही, बायको जेवायला लांब बसवते. ते साहेब बदलून गेले, जाताना सगळे आकडे सीडीवर भरून, लेबल लावून कपाटात ठेवून गेले. चारेक वर्षांनी कुणाला तरी ते लागले, तर एकही सीडी उघडेना. वह्या तोवर रद्दीत गेलेल्या. "सहा वर्षं हाताला वास होता," नाना म्हणाले, "वास गेला तोवर आकडे पण गेले. कुणी चोरले नाहीत, कुणी जाळले नाहीत. नुसते कपाटात मेले... आणि कपाटाला रोज कुलूप लावत होतो मीच." नाना असं बोलताना आवाज चढवत नसत. त्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त लागायचं.

म्हणून त्यांची अमावस्या. आमच्या भागात अमावस्येला कांद्याचे लिलाव बंद असतात, त्यामुळे बाजारातून नमुने येत नाहीत आणि केंद्रात जरा उसंत असते. त्या दिवशी नाना जुन्या प्रतींमधल्या कोणत्याही दहा फाइली उघडायचे आणि शेतावरच्या मूळ वहीशी ताडून बघायचे. एकाने वहीतून वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवायचं. "ठेवलं म्हणजे राहिलं असं नसतं. उघडलं, वाचता आलं, तर राहिलं," हा त्यांचा मंत्र. त्यासाठी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वेगळी वही होती. तारीख, फाइलचं नाव, उघडली का, जुळली का, शेरा, सही. त्या वहीचा एक नियम होता: ओळ कोरी सोडायची नाही. एखाद्या अमावस्येला काम झालं नाही, तर झालं नाही असं लिहायचं आणि कारण लिहायचं. आम्ही त्यांची थट्टा करायचो. "काय नाना, आज किती भुतं उतरवली?" ते म्हणायचे, "दहा बोलावली, दहाही आली. बसा, वाचा जरा."

अशाच एका अमावस्येला ते माझ्या खोलीत आले. हातात माझी शेतावरची वही, दुसऱ्या हातात माझ्या फाइलचा छापलेला कागद. माझा शोधनिबंध दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता. नव्या बांधणीच्या चाळीत कांदा कमी नासतो, असा माझा निष्कर्ष होता आणि शेतकऱ्यांना तशी चाळ बांधा म्हणून शिफारस जायची होती. नानांनी कागद टेबलावर ठेवून एका रकान्यावर बोट टेकवलं. "ताई, हाई काय शे?" नव्या चाळीतल्या नासक्या कांद्यांच्या रकान्यात तीन वेळा शून्य होतं. वहीत त्याच जागी आडवी रेघ होती. मी म्हटलं, त्या दिवसांत मजूर पोळ्याला गावी गेले होते, मोजणी झाली नाही; तक्त्यात रकाना रिकामा ठेवला की तो लाल होतो, पुढे जाऊ देत नाही, म्हणून शून्य टाकलं. "मोजलं नाही म्हणजे नासलं नाही, असं नसतं ना," नाना म्हणाले. मी ताडकन म्हटलं, "नाना, शास्त्रज्ञ तुम्ही आहात का मी?" नाना वही उघडीच ठेवून निघून गेले.

ती वही दिवसभर तशीच उघडी होती. संध्याकाळी मी ती तीन शून्यं काढून हिशेब पुन्हा मांडला आणि माझी नवी चाळ जुन्या चाळीच्या बरोबरीला येऊन बसली. फरक उरलाच नाही. त्या तीन शून्यांच्या भरवशावर कुणीतरी घरातलं सोनं मोडून चाळ बांधली असती. निबंध मी पाठवला नाही. मी कुणाची माफी चटकन मागत नाही, घरी विचारा. नानांची मागायलाही मला चार दिवस लागले. ते म्हणाले, "माफी राहू द्या, नवी फाइल द्या." मी दिली आणि म्हटलं, आता जुनी पुसून टाका. नाना हसले. "पुसायची नाही. शेजारी ठेवायची आणि का बदलली ते लिहायचं. नाहीतर पुढच्याला कसं कळेल कुठे पाय घसरतो?" तेव्हापासून माझी ती चूक तारीखवार, तीन जागी, अगदी सुरक्षित आहे. लोकांचे पुरस्कार इतके जपले जात नाहीत. त्या दिवसापासून मात्र अमावस्येला वही वाचायला त्यांच्या समोर मी बसू लागले.

निवृत्तीनंतरही नाना दर अमावस्येला मोपेडवरून यायचे. दरम्यान केंद्रात नवे प्रमुख आले, नवी प्रणाली आली, सगळा डेटा दूरच्या सर्व्हरवर चढला. नव्या सरांचं म्हणणं साधं होतं. आता सगळं आपोआप जपलं जातं, मग ही खोली बैठकीसाठी घेऊ आणि वह्या रद्दीत देऊ. रद्दी हा शब्द ऐकून नानांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "साहेब, द्या. फक्त त्याआधी तुमच्या हाताने एक फाइल उघडा. कोणतीही." सरांनी एक जुनी फाइल उघडली. आकडे होते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा. तो सगळा शेरा आमच्याकडे पूर्वी असलेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला होता आणि नव्या प्रणालीला तो फाँट कळत नव्हता. नानांनी वही काढून वाचलं: "चाळीचं पूर्वेकडचं छप्पर उडालं, क्रेट भिजले." मग हळूच म्हणाले, "हे माहीत नसेल तर पुढचा सगळा आकडा खोटा, साहेब." हंगाम संपेपर्यंत वह्या ठेवा, तोवर शेरे दुरुस्त करून घ्या, नंतर मला जागा हवी, असं सर म्हणाले. नानांनी बिनपगारी काम सुरू केलं. एकेक शेरा वहीशी ताडून नव्याने टाइप करायचा. एकोणीस वह्या उरल्या असताना ते आजारी पडले.

गेल्या महिन्यात मी त्यांना नाशिकच्या दवाखान्यात भेटायला गेले. अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. हाताला सलाइन, आवाज बारीक झालेला. तब्येतीचं बोलणं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. "अमावस्येला उघडल्या का?" खरं सांगायचं तर त्या दिवशी सकाळपासून बैठका होत्या आणि मी साफ विसरले होते. समोर तो चेहरा होता... मी म्हटलं, "हो नाना, उघडल्या. दहाच्या दहा." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग तसेच, डोळे न उघडता म्हणाले, "शेरा काय लिहिला?" मला शेरा सुचेना. शोधनिबंधात आठ पानं लिहिणारी मी, मला एका ओळीचा शेरा सुचेना. नानांनी माझ्या हातावर हात ठेवला. "शून्य टाकू नका, ताई," ते म्हणाले. "रेघ मारा. रेघ चालते." त्यानंतर मनीषा औषध घेऊन आली आणि आमचं बोलणं तिथेच थांबलं. दहा दिवसांनी तिचा फोन आला.

काल अमावस्या होती. बैठकीला येणार नाही असं मी सरांना आदल्या दिवशीच लेखी कळवलं होतं. त्याच चिठ्ठीत, उरलेल्या एकोणीस वह्या मी पुऱ्या करीन आणि त्या होईपर्यंत एकही वही खोलीबाहेर जाऊ देणार नाही, असंही लिहिलं होतं. सरांनी त्यावर नुसती सही करून कागद परत पाठवला. सकाळी नानांच्या खोलीत जाऊन खिडकी उघडली. खुर्चीवर त्यांची बसायची उशी तशीच होती. मी ती काढली नाही, शेजारच्या स्टुलावर बसले. समोर वाचायला मनीषाला बोलावलं होतं. ती शाळेत गणित शिकवते, तिला आकडे वाचायची सवय आहे.

लाल वही उघडली. गेल्या अमावस्येची ओळ कोरी होती. तिथे तारीख घातली, "उघडली का" या रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं: "उघडल्या नाहीत. कारण, मी विसरले. निकमनानांना मात्र उघडल्या असं सांगितलं." खाली पूर्ण सही केली. मनीषाने ते वाचलं. ती शेतावरची वही स्वतःकडे ओढून, पहिलं पान उघडून खणखणीत आवाजात वाचायला लागली. मी पडद्यावर बोट ठेवलं.

दुपारपर्यंत नऊ फाइली उघडल्या, नऊही जुळल्या. दहावी सर्व्हरवरून उघडेना, कपाटातल्या डिस्कवरूनही उघडेना. सीडीत मेलेल्या सहा हंगामांनंतरच्या, आमच्याच केंद्रातल्या एका जुन्या हंगामाची ती मोजणी आहे, वहीत मोजणाऱ्याची सही "भा. निकम" अशी आहे. क्षणभर मला तिथेच डोकं टेकून रडावंसं वाटलं. मग मी दहाव्या ओळीत "उघडली नाही" असं लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं, "तिसरी प्रत पेठला आहे."

नानांचा डबा मनीषाने काल संध्याकाळी आणून दिला. घासून, आत पंचा घालून ठेवला आहे. उद्या सकाळच्या पेठच्या एसटीत मी बसणार आहे.