माइक खाली घे

रागावलेल्या माणसानं ओरडायलाच हवं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मला बाबांनी सांगितलं होतं. मी भिवंडी सोडत होते, बेंगळुरूची बस सुटायला आली होती, इंजिन धडधडत होतं. बंद काचेपलीकडून बाबा नुसते ओठ हलवत होते, "जोरात बोल गो बाय. दबून ऱ्हाऊ नको." मला शब्दन् शब्द कळला. यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून आमच्याकडे सगळेच ओठ वाचतात. बाबांनी तर जन्मभर लूम चालवले. आता त्यांना ऐकू जवळजवळ येतच नाही.

ते घरी कामगारांची पत्रकं आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकले. पुढे बेंगळुरूत ऑफिस सांभाळून इरफानबरोबर बँड काढला, तेव्हा गाणी कामगारांचीच असणार हे ठरलेलंच होतं. इरफान ड्रम वाजवतो. तोही भिवंडीचाच, लूमवरच्या कामगाराचा मुलगा. पण पीजीच्या शांत खोलीत माझ्या चाली संथ होत गेल्या. उदास, जड, एकेका शब्दावर थांबणाऱ्या.

रेकॉर्डिंगवाला वैतागला. "भिवंडी से हो यार, गुस्सा दिखाओ! टेम्पो बढ़ाओ!"

इरफान म्हणाला, "तेज़ तो लूम चलती है, भाई. सेठ के लिए."

विषय संपला. लूमचा वेग मालकाचा, गाण्याचा वेग आमचा. पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं 'शुक्रवार'. त्या दिवशी लूम बंद असतात.

बेंगळुरूत कौतुक झालं, कॅफेंची बोलावणी आली. तिकडे भिवंडीत आईनं मोबाइल बाबांच्या कानाला लावला. "काय समजत न्हाय," ते ओरडले. "आंदोलनाचा गाना हाय का पोरा निजवाचा?"

मी हसले, पण ते लागलं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच पोचत नसेल, तर आमचा अल्बम म्हणजे कॉफीबरोबरची बिस्किटं. मग आम्ही तो उचलून भिवंडीला नेला.

शुक्रवार. बाबा जिथं कामाला होते तो जुना कारखाना, बंद लूमच्या मधल्या वाटांत बसलेले कामगार. पहिलं गाणं झालं; माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दुसरं सुरू करणार, तेवढ्यात बाबा उठून गरजले, "माइक खाली घे! तोंड दिसत न्हाय!"

मी माइक छातीपर्यंत खाली आणला आणि गायले, "उभ्या पायांना बसाया जागा द्या." संथ, एकेक शब्द. बाबांचे डोळे माझ्या ओठांवर होते. ओळ परत आली तेव्हा त्यांचेही ओठ हलत होते, मग शेजारच्याचे, मग सगळ्या कारखान्याचे. तिसऱ्यांदा आवाज फुटला, आणि असा फुटला की इरफानचा ड्रम मला ऐकू येईना. संथच, पण पत्रे हादरले.

बाबा म्हणाले, "आवाज न्हाय आला. पन सगला कलला."

कॅफेवाल्यांनो, तुमच्याकडेही येऊ. पण माझं घर म्हणजे जिथं माझे ओठ वाचले जातात ती जागा, हे आता पक्कं झालंय.

आणि माझ्यासारखं भिवंडी सोडून गेलेल्यांनो, तुमच्याही घरी कुणाचे तरी कान लूमनं खाल्लेत. आज फोन कराल तेव्हा व्हिडिओ लावा. तोंड उजेडात धरा. आणि हळू बोला.