सरांना हरवलं, पण पेढ्यांचा पुडा फोडवत नाही

मंडळी, आज मी माझ्या शाळेतल्या सरांना बुद्धिबळात हरवलं आणि सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

मी सोनईत, सर नेवाशात. आमचा डाव मोबाईलवर चालतो, एकेका चालीला दोन-दोन दिवस घेत. सरांचं रेटिंग माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. आजवर मी एकदाही जिंकले नव्हते.

आज सकाळी सरांनी वजीर थेट माझ्या घोड्याच्या तोंडी दिला. मला वाटलं, सापळाच असणार. खूप शोधला, सापडला नाही. शेवटी मारला वजीर. सरांनी लगेच डाव सोडला. मी धावत जाऊन पेढे आणले!

मग सरांचा फोन आला. अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी घरी लाकडी पटावर डाव मांडून विचार करतो ना, काल हिने तो पट पुसला. तुझा घोडा चुकून शेजारच्या चौकोनात ठेवला. मी त्यावरच चाल ठरवली."

"मग हा डाव धरायचाच नाही, सर."

"छे! मोबाईल बघणं माझं काम होतं. जिंकलीस तू. फक्त हिला हे सांगू नको."

तेवढ्यात काकूंनी फोन घेतला. "जिंकलीस म्हनं! पेढे घेऊन ये गं. आमचे सर सकाळधरनं लई गप हायेत."

पुडा समोर तसाच पडलाय. संध्याकाळच्या एसटीने जावं म्हणते. पण एवढे मुरलेले सर हरले कसे, असं काकूंनीच विचारलं तर काय सांगू?